पंधरा तास अठरा मिनिटांची शिदोरी

ऑकलंड कुठे आहे, हे सुलोचनाबाईंना नकाशावर दाखवून झाले होते. पण त्यांच्या माहेराहून चालत आलेले माप नकाशात मावणारे नव्हते. माहेरची पहिली शिदोरी न आंबता जिथवर पोचेल, तिथवरच लेक द्यायची. त्या मापात साकोली, लाखनी, फार तर तुमसर बसे. लेक टीनाला मात्र कॉलेजातला ईश्वरच हवा होता, आणि ईश्वर ऑकलंडजवळच्या गोठ्यात यंत्राने गायी दोहत होता.

"बाई, तू कायले घाबरून राहिली?" घनश्याममामाने बहिणीपुढे मोबाइल धरला. "हे पाह्य. नागपूर ते ऑकलंड, अकरा हजार नऊशे पाच किलोमीटर. पंधरा तास अठरा मिनिटं. मिनिटासकट लिवलं आहे!"

"आन आपल्या एकोडीहून साकोलीले एसटी कवा येते, ते बी लिवलं का?"

मामाने पान सरकवले. मैल होते, सागरी मैल होते, दोन्ही विमानतळांची समुद्रसपाटीपासूनची उंची होती. एसटी नव्हती. तळाशी बारीक अक्षरांत थेट विमान नसल्याची नोंद होती; तिथवर मामाचा अंगठा पोचला नाही.

"पंधरा तास म्हंजे काहीच नाही," बाजेवरून टीनाचे वडील जागेश्वर म्हणाले. परदेशी जावयाची बातमी ते गावभर आधीच वाटून बसले होते.

ठरले. शिदोरी तेवढे तास घरातच टांगायची; न आंबली तर ऑकलंड मापात बसले. भर वैशाखात सुलोचनाबाईंनी पुरणपोळ्या केल्या, फडक्यात बांधल्या आणि संध्याकाळी सहाला खुंटीला टांगल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून अठरा मिनिटांनी गाठोडे ऑकलंडला उतरणार होते.

सकाळी अंगणात शेजारी जमले. एकोडीच्या इतिहासात प्रथमच काहीतरी वेळेवर येणार होते. मामा उरलेली मिनिटे मोजत होता. अठराव्या मिनिटाला जागेश्वरांनी टोपी सारखी केली, जणू विमानातून तेच उतरत होते.

सुलोचनाबाईंनी गाठ सोडली. बोटांना ऊब लागली. ही ऊब वैशाखाची नव्हती, चुलीची होती. त्यांनी वर पाहिले. दारात टीना उभी होती. हात स्वच्छ, पण कोपराला पीठ. पहाटे गाय गव्हाणीत एवढ्या आवडीने काय खात होती, तेही आता उमगले.

"काय वं बाई, आंबली का?" शेजारच्या रेवताबाईंनी मान पुढे काढली.

एक 'हो' पुरले असते. लेक तुमसरच्या अलीकडेच राहिली असती.

सुलोचनाबाईंनी तुकडा मोडून तोंडात टाकला. गूळ जास्त होता. टीनाचा हात गुळाला नेहमीच सैल. हे तिला आता अकरा हजार नऊशे पाच किलोमीटरवरून कोण सांगणार?

"नाही आंबली," त्या म्हणाल्या. "पोचली."

अंगणात टाळ्या पडल्या. मामाने मोबाइल कपाळाला लावला. "पाह्यलं? मिनिटासकट!"

त्या गलक्यात सुलोचनाबाई लेकीला आडोशाला घेऊन, कोणाला दिसणार नाही अशा बेताने, तिच्या कोपराचे पीठ पदराने पुसत होत्या.