दर दोन तासांनी साठ मिली

त्याने नळीचं टोपण काढलं, सुई नसलेली मोठी सिरिंज लावली आणि दूध ओतलं. ग्लासात सहा चमचे साखर होती. बायकोच्या नाकातून पोटात सोडलेल्या नळीतून दूध सावकाश उतरत गेलं. नर्स जेवायला गेली होती. खाटेच्या पायाशी टांगलेल्या कागदावर लिहिलं होतं: दर दोन तासांनी साठ मिली.

त्याने ग्लास पुन्हा भरला.

"अहो, पुरे," बायको म्हणाली.

"पुरे काय? त्यांच्या साठ मिलीवर चिमणीसुद्धा जगायची नाही."

अन्ननलिकेतल्या गाठीमुळे महिनाभर तिच्या घशाखाली पाण्याच्या घोटापलीकडे काही गेलं नव्हतं. ती पस्तीस किलोंवर आली होती. आधी ताकद येऊ दे, मग ऑपरेशन करू, असं डॉक्टर म्हणाले होते. तो सव्वीस वर्षं कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळत होता. कोळसा नाही तर वाफ नाही, एवढं त्याला कळत होतं.

त्याची थोरली बहीण दाराकडे लक्ष ठेवून उभी होती.

"ओत रे. आपल्या घरात आली तेव्हा कशी भरलेली होती. आता लोक म्हणतील, नवऱ्याने उपाशी ठेवली."

"ताई, तुम्ही तरी सांगा ना यांना."

"तू गप्प बस गं. चावायचेसुद्धा कष्ट नाहीत, आणि तरी कुरकुर."

बायकोने त्याचं मनगट धरलं. त्याने तिची बोटं एक एक करून सोडवली आणि उरलेलं दूध ओतलं.

संध्याकाळी तिने फणी मागितली. किती दिवसांनी तिने स्वतःच्या हाताने केस विंचरले.

"ऑपरेशन झालं की आधी तुम्हाला दम देणार आहे," ती म्हणाली. "नुसते पाइपात कोंबता."

तो हसला. दुसऱ्या दिवशी नर्सची पाठ वळली की एक, असे त्याने पाच ग्लास दिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचे पाय सुजले होते.

"बघ, अंग धरायला लागली," बहीण म्हणाली.

"बोटांत मुंग्या येताहेत हो," बायको म्हणाली.

"रक्त खेळायला लागलंय," बहीणच म्हणाली.

दुपारी तिला फणी उचलवेना. मग धाप लागली. चार वाजता ती गेली.

डॉक्टरांनी त्याला खोलीत बोलावलं. हातात रक्ताचा रिपोर्ट होता. नर्स भिंतीला टेकून उभी होती.

"नळीतून किती जात होतं?"

"साठच, सर," नर्स म्हणाली. "मी स्वतः मोजून देत होते."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. तो चपलांकडे बघत राहिला.

"ऐकलंत? साठच," बहीण दारातून म्हणाली. "उपाशी मारलीत आमची भावजय."

"उपाशी नाही हो. रिपोर्ट उलटं सांगतोय. साखर फार गेलीय." डॉक्टर नर्सकडे वळले. "तुम्ही बाहेर थांबा. मापात चूक झालेली दिसतेय. चौकशी होईल."

नर्स त्याच्यासमोर क्षणभर थांबली आणि बाहेर गेली. त्याने मान वर केली नाही.

"महिनाभर उपाशी माणसाच्या पेशी काम कमी करून टाकतात," डॉक्टर त्याला म्हणाले. "जेमतेम धुगधुगी ठेवतात. साखरेतून ताकद काढायला त्यांना नुसती साखर पुरत नाही, फॉस्फेटही लागतं. त्याचा साठा उपासात संपलेला असतो. एकदम साखर आली की सगळ्या पेशी एकदम पेटतात आणि रक्तात उरलंसुरलं ओढून घेतात. मग हृदयाला काही राहत नाही. म्हणून तर साठ मिली लिहिलं होतं."

"असं," तो म्हणाला.

घरी येताना बहिणीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ दे. निदान पोटभर खाऊन गेली."

आठवड्याने तो कामावर गेला. दुरुस्तीसाठी कारखाना दहा दिवस बंद होता. त्याने भट्टीत लाकडाच्या ढलप्या लावल्या, वर थोडा कोळसा पसरला, पेटवलं आणि स्टुलावर बसला. थोड्या वेळाने सुपरवायझर आला.

"दुपारपर्यंत वाफ मिळेल ना? माल अडकलाय रे."

"उद्या सकाळी."

"एवढा वेळ? चार फावडी जास्त टाक की."

"नाही साहेब. दहा दिवस गार पडलाय. एकदम पेटवला तर नळ्या सुटतात. गार बॉयलरला थोडं थोडंच—"

तो थांबला.

"बरं बाबा, तुझं तू बघ," सुपरवायझर म्हणाला. "तुझ्याइतकं जपून कोणी करत नाही, हे खरं."

सुपरवायझर गेला. तो फावडं धरून भट्टीसमोर उभा राहिला. ढलप्या जळून गेल्या, वरचा कोळसा विझून काळा पडत चालला. त्याने फावडं उचललं नाही.