परतीच्या बाईंची कार्डं

कार्डं छापणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे परतीच्या बाई म्हणायचे. दुकानांत न खपलेली शुभेच्छापत्रं खोक्यांतून परत यायची. ती खोकी उघडायची, बरी असतील ती कार्डं पुन्हा पाकिटात घालायची आणि खराब झालेली रद्दीच्या पोत्यात टाकायची, हे तिचं काम. गोदामाच्या शेजारी, एका लांब टेबलाशी बसून पंधरा वर्षं तिने ते केलं. कुणाला हेवा वाटावा अशी ती जागा नव्हती. न खपलेल्या मालाकडे कोण बघतं?

ती बघायची. कोपरे मऊ पडलेलं कार्ड म्हणजे पुष्कळ जणांनी हाताळलेलं. आतल्या पानावर, कवितेच्या शेजारी, अंगठ्याचा मळकट ठसा असेल तर चित्र आवडलं, कार्ड उघडलं, वाचलं आणि ठेवून दिलं. असली कार्डं शेकड्यांनी यायची. जवळपास प्रत्येकात आठ ओळींची कविता, आणि माणसाला स्वतःचं काही लिहायला जागा म्हणाल तर सहीपुरती.

दोनदा तिने ही गोष्ट विक्रीच्या साहेबांच्या कानावर घातली. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, पण सदा घोड्यावर. दुसऱ्या खेपेला ते हसून म्हणाले, "बाई, तुम्ही परत आलेली बघता. गेलेली आम्ही बघतो."

तिला राग आला नाही. घरी जाताना तिच्या मनात आलं, खरंच की. गेलेली कार्डं काय सांगणार? ती गेली. परत आलेली का गेली नाहीत हे ठाऊक असलेलं माणूस या कंपनीत एकच आहे, आणि ते आपण आहोत. पुढच्या महिन्यात नवे नमुने आले. आता आत दहा ओळी होत्या. तिने एक कोरा कागद घेतला आणि तीन वाक्यांत राजीनामा लिहून दिला.

नवरा बसच्या आगारात मेकॅनिक होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाला, "केलंस ते चांगलं केलंस. पण ताईला सांगितलंस का?"

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, तिची नणंद. ही त्यांना वन्सं म्हणायची. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून वन्सं निवृत्त झाल्या होत्या आणि पुढच्या खोलीत राहत होत्या. लग्न केलं नव्हतं, कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, आणि तोंडाचा पट्टा असा की भाजीवालासुद्धा त्यांना बघून आधीच भाव खाली आणायचा. घरात आलेल्या दिवसापासून ही त्यांच्यासमोर जरा दबूनच असायची.

त्या दिवशी मात्र ती चहाचे दोन कप घेऊन सरळ पुढच्या खोलीत गेली आणि समोर बसली.

"वन्सं, मी नोकरी सोडली. स्वतःची कार्डं काढणार आहे. लिहायचे पॅड आणि पाकिटंही. चित्रं तुम्ही काढायची."

वन्संनी चष्मा कपाळावर सरकवला. "विचारतेयस की सांगतेयस?"

"सांगतेय."

"मग बरं. विचारलं असतंस तर नाही म्हणाले असते." त्यांनी चहाचा घोट घेतला. "फुलं काढणार नाही. फुगे काढणार नाही. ते लाल बदामासारखं हृदय तर मुळीच काढणार नाही. हृदय तसं दिसत नाही, हे मी चौतीस वर्षं पोरांना सांगत आले."

"मग काय काढाल?"

"जे समोर दिसतं ते."

दुसऱ्याच दिवसापासून त्या कामाला लागल्या. काळ्या शाईच्या बारीक रेघा, आणि कुठेतरी एकच रंग, तोही बेताचा. एक खुर्ची, तिच्यावर जागा धरायला ठेवलेली पिशवी. तोंडातून वाफ सोडणारी किटली. बसथांब्यावरचं घड्याळ. भिंतीला टेकवलेली शिडी. अर्धी उघडी खिडकी. एकाच बाजूने भिजलेली छत्री. चित्रं बघून ती थक्क झाली. इतकी वर्षं एका छताखाली राहून वन्संच्या हातात हे आहे याचा तिला पत्ता नव्हता.

शब्द तिने जुळवले. नोकरीत हजारो कविता वाचून झाल्यामुळे काय लिहायचं नाही हे तिला तोंडपाठ होतं. खुर्चीखाली तिने लिहिलं, 'जागा धरून ठेवली आहे.' किटलीखाली, 'कधी येतेस?' घड्याळाखाली, 'उशीर झाला, मान्य.' शिडीखाली नुसतं, 'शाब्बास.' छत्रीखाली, 'तुमच्यामुळे निभावलं.' खिडकीवर त्या दोघी दोन दिवस अडल्या. शेवटी वन्संच म्हणाल्या, "माझी मैत्रीण गेली तेव्हा तिच्या मुलाशी बोलायला मला शब्द सापडले नव्हते. तेच लिही." म्हणून तिने लिहिलं, 'कळलं. काय बोलावं सुचत नाही.' आतली पानं कोरी ठेवली.

"अगदी कोरी?" नवऱ्याने विचारलं.

"अगदी कोरी."

छापखाना तिच्या ओळखीचा होता. छापणारा मालक अनुभवी, बोलायला गोड. सहाशे कार्डं चार दिवसांत तयार झाली. खोकं घरी आलं, तिने पहिलं कार्ड काढून घडी घातली. घडीच्या रेघेवर कागद फुटला होता. छत्रीच्या दांड्यावरची शाई पापुद्र्यासारखी निघून तिच्या बोटाला लागली. दुसरं तसंच. तिसरं तसंच.

वन्संनी दहा कार्डं दुमडून पाहिली आणि ती सगळी टेबलावर उलटी मांडली. "माझं चित्र असलेलं असलं कार्ड कुणाच्या घरी जाणार नाही," एवढंच बोलून त्या आत गेल्या.

मग उठून तिने एका न दुमडलेल्या कार्डाची आधी उभी पट्टी फाडली, मग आडवी. बघितलं, पिशवीत टाकलं आणि छापखाना गाठला.

"कागदच जाड घेतलात हो तुम्ही," मालक म्हणाला. "जाड कागद फुटणारच."

तिने त्याच कागदाचा एक कोरा ताव मागून घेतला आणि त्याच्यासमोर तो एका बाजूने फाडला. सरळ रेघेत फाटत गेला. दुसऱ्या बाजूने फाडला, तर वेडावाकडा, दातेरी.

"लाकडासारखी कागदालाही दिशा असते, हे मी तुम्हाला सांगायला नको," ती म्हणाली. "दिशेने दुमडला तर हा कागद लोण्यासारखा वळतो. तुम्ही एका तावात जास्त कार्डं बसावीत म्हणून ती आडवी लावलीत. पंधरा वर्षं मी फुटलेल्या घड्या रद्दीत टाकल्यात. मला ओळखू येतात."

मालकाने फाटलेल्या पट्ट्या हातात घेतल्या, यंत्रावरच्या माणसाकडे पाहिलं. तो माणूस दुसरीकडे बघायला लागला.

"कागद तुमचा, छपाई माझी," मालक शेवटी म्हणाला. "पुन्हा छापून देतो."

"कागदही अर्धा तुमचा. आणि छापताना मी इथे उभी राहणार."

ती उभी राहिली. सकाळपासून दुपारपर्यंत, यंत्राच्या आवाजात, दर पन्नास तावांमागे एक दुमडून बघत. संध्याकाळी खोकं घेऊन घरी आली तेव्हा वन्संनी एक कार्ड दुमडलं, नखाने घडी दाबली, उजेडात धरली. "हं," त्या म्हणाल्या. वन्संच्या तोंडून निघालेलं 'हं' म्हणजे काय हे त्यांचे जुने विद्यार्थीच सांगू शकतील. फुटलेल्या कार्डांची चित्रं तिने कापून लिहायच्या पॅडच्या पुठ्ठ्यांवर चिकटवली, म्हणजे तेही मार्गी लागलं.

आता विकायचं कुठे? बाजारपेठेच्या कोपऱ्यावर वह्या-पेनांचं एक जुनं दुकान होतं. मालकांना सगळे वहीवाले काका म्हणत. काकांनी कार्डं उलटीपालटी केली आणि नाक मुरडलं.

"आजकाल कार्ड कोण पाठवतं? बोटाने एक चित्र दाबलं की झालं. आणि यात तर आत काहीच नाही. गिऱ्हाईक म्हणेल, छापायला विसरले."

"काका, मला तुमचा मांडणीतला खण नको. दाराजवळ एक लहान टेबल ठेवू द्या, एक स्टूल, आणि एक चांगलं चालणारं पेन. एक महिना. नाही जमलं तर मी स्वतः उचलून नेईन. नेण्या-आणण्याची मला सवय आहे."

काकांना पेन बांधून ठेवायचं होतं. ती म्हणाली, बांधलेल्या पेनाने कुणी मनातलं लिहीत नाही. काका पुटपुटले, पण तयार झाले.

पहिले चार दिवस लोक टेबलावर पिशव्या ठेवून पैसे मोजत. पाचव्या दिवशी ती टेबल नीट लावायला गेली, तर घरांना रंग देणारा एक रंगारी टेबलाशी उभा होता. नखांत पांढरा रंग, हातात घड्याळाचं कार्ड. त्याने ते उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"आत काही लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

"तुमच्यासाठी ठेवलंय."

"मला असलं लिहिता येत नाही हो, बाई. तुम्हीच सांगा काहीतरी चांगलंसं."

तिच्या जिभेवर आठ ओळी सहज आल्या असत्या. तिने त्या गिळल्या. "कुणाला पाठवायचंय?"

"थोरल्या बहिणीला. सात वर्षं बोलणं नाही."

"समोर आली तर पहिलं काय सांगाल?"

त्याने नखातला पांढरा रंग खरवडला. "तिच्या नव्या घराला रंग मी देणार होतो," तो म्हणाला. "शब्द दिला होता. मधेच आमचं बिनसलं आणि ते राहून गेलं."

"मग तेच लिहा की."

तो स्टुलावर बसला. पेन त्याच्या जाड बोटांत काडीसारखं दिसत होतं. शाळेतल्या मुलासारखी जीभ दाताखाली धरून त्याने लिहिलं आणि लिहून झाल्यावर, तिने न मागता, कार्ड तिच्यापुढे धरलं. 'अक्का, भिंती अजून तशाच आहेत का? मी येतो.'

"याच्यात एक शब्द कमी-जास्त करू नका," ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी काकांचाच फोन आला. तो रंगारी आला होता. बहिणीचं उत्तर आलं होतं, तेही पत्राने, 'स्वयंपाकघरापासून सुरू कर, तिथे फार काळं झालंय.' हे त्याने दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं आणि जाताना चार कार्डं नेली. "तुमची घड्याळं संपली," काका म्हणाले. "खिडक्याही संपत आल्यात. आणि लोक त्या स्टुलावर बसले की उठत नाहीत, म्हणून मी आणखी एक आणलंय. लवकर पाठवा."

मग दुसरं दुकान आलं, मग तिसरं. एका मोठ्या रुग्णालयाच्या आवारातल्या औषधांच्या दुकानाने खुर्चीची कार्डं मागितली आणि ती तिथे इतकी जाऊ लागली की वन्संनी खुर्चीवरची पिशवी बदलून आणखी दोन प्रकार काढले. घरात दोघींचं एकमेकींशी बोलणंही बदललं होतं. आता वन्सं चित्र दाखवायला स्वतः स्वयंपाकघरात यायच्या, आणि ही दबकत नसे. "ही शिडी लंगडी दिसते" असं तोंडावर सांगायची. वन्सं फणफणायच्या, दार आपटायच्या आणि अर्ध्या तासाने सरळ शिडी घेऊन यायच्या.

वर्ष सरता सरता जुन्या कंपनीतून साहेबांचा फोन आला. भेटायला बोलावत होते. तिने सांगितलं, मी कामात आहे, तुम्हीच या. ते आले, पुढच्या खोलीत वन्संच्या रंगांच्या बाटल्यांमध्ये अंग चोरून बसले.

"तुमची कार्डं आमच्या नावाने काढू या," ते म्हणाले. "माल साठ गावांत पोचेल. फक्त आत चार ओळी हव्यात. साधारण चारच. वरचे लोक कोरं पान मान्य करणार नाहीत."

"साहेब, ते पान कोरं आहे म्हणून तर कार्ड जातं."

"लोकांना शब्द लागतात, बाई."

"लोकांकडे शब्द असतात. जागा लागते." ती शांतपणे म्हणाली. "दुकानं आम्ही शोधू. साठ गावांत नसतील, पण जिथे आहेत तिथून खोकं परत येत नाही."

साहेबांनी वन्संकडे पाहिलं. बहुतेक त्यांना वाटलं असावं, वडीलधारं माणूस आहे, समजावील.

"माझ्याकडे काय बघता?" वन्सं म्हणाल्या. "या घरात ती सांगते, विचारत नाही."

साहेब हसले. खरंच हसले, आणि जाताना जरा मोकळे होऊन म्हणाले, "आमचा कार्डांचा विभाग फार दिवस चालणार नाही, हे मला दिसतंय. जुनी यंत्रं विकायला निघतील. तुम्हाला घडीचं यंत्र हवं असेल तर आधी तुम्हाला कळवतो."

त्यांनी शब्द पाळला. दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी, कार्डावर घडीची रेघ दाबणारं ते हिरवं लोखंडी धूड टेम्पोतून दाराशी उतरलं. आणि दारातून आत जाईना. उभं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं. टेम्पोवाल्याने हात टेकले. शेजारचे चार जण जमले आणि चौघांनी मिळून पाच उपाय सांगितले. नवऱ्याने मापाची पट्टी लावली, मान हलवली आणि आतून आगारातली हत्यारांची पेटी आणली.

"दार काढू या."

"आणि मग?" शेजाऱ्याने विचारलं.

"मग लावू. दार काय, परत लावता येतं."

बिजागऱ्यांचे स्क्रू निघाले, दार भिंतीला टेकलं, आणि सहा माणसांनी दम धरून यंत्र पुढच्या खोलीत नेलं. वन्संनी आपलं चित्रांचं टेबल कुणी न सांगता खिडकीपाशी सरकवलं. दुपारपर्यंत नवऱ्याने यंत्राचे दाते साफ करून तेल घातलं. पहिला ताव तिने स्वतः सरकवला, मूठ खाली दाबली. कागदाच्या मधोमध एक बारीक, सरळ खाच उमटली. बोट फिरवलं तर गुळगुळीत.

"अगं, जरा डावीकडे आहे," वन्सं चष्म्यावरून बघत म्हणाल्या.

तिने पट्टी लावली. खरोखरच केसभर डावीकडे होती. तिने आतला स्क्रू थोडा सैल केला, कड नीट लावली आणि दुसरा ताव घेतला. अजून दार न लावलेल्या चौकटीतून शेजारची बाई कौतुकाने बघत होती. तिला तिने हाताने आत बोलावलं आणि म्हणाली, "या, बसा. रिकाम्या असाल तर पाकिटं मोजून द्या, उद्या दोनशे जायचीत."