कच्चे स्क्रू

शनिवारी सकाळी टेबल आवरताना बोआतेंगला वाटीत चार रिवेट तसेच पडलेले दिसले.

गिऱ्हाईक म्हणून आलेल्या अफ्राकोमा मावशीच्या झिजलेल्या गुडघ्यासाठी त्याने तीन आठवडे खपून ब्रेस बनवला होता. मांडीला एक पट्टी, पोटरीला एक, मध्ये बिजागऱ्या. दुखऱ्या बाजूचा भार कमी व्हावा अशी सगळी आखणी. घालून बघण्यापुरते बिजागऱ्यांना कच्चे स्क्रू लावायचे आणि चाल जमली की पक्के रिवेट ठोकायचे, ही त्याची रीत. काल मावशी ब्रेस घालून चार पावलं चालली, हसली आणि घाईत तशीच निघून गेली. आणि हा शहाणा दारात उभा राहून तिला हात हलवत होता.

आज माम्पोंग गावात तिच्या बहिणीचा अंत्यविधी होता. अंत्यविधीला नाचायचा अदोवा नाच केल्याशिवाय मावशी राहणार नव्हती, आणि अदोवात पावलागणिक गुडघा वाकतो. बिजागरी सुटली तर सत्तरीची बाई सिमेंटच्या अंगणात आदळणार. खुबा मोडलेली म्हातारी माणसं पुन्हा चालताना त्याने फारशी पाहिली नव्हती.

रिवेट आणि हातोडी घेऊन तो टॅक्सीत बसला आणि ड्रायव्हरला घाई करत राहिला.

"अहो, मेलेलं माणूस कुठे पळून जातंय का?" ड्रायव्हर म्हणाला. बोआतेंगला हसू आलं नाही.

तो पोचला तेव्हा ढोल चालू होते. लाल-काळ्या शोकाच्या कपड्यांतल्या लोकांच्या रिंगणात मावशी एकटी नाचत होती. बाहेरच्या बिजागरीत एक स्क्रू नव्हता, नुसतं भोक. चपला काढून तो नाचतच तिच्याजवळ सरकला.

"मावशी, थांबा. स्क्रू पडलाय."

"दुसऱ्या गाण्यालाच पडला." ती हात फिरवतच म्हणाली. "नाचताना भार चांगल्या पायावर ठेवता येतो. थांबले की चालत बाहेर जावं लागेल, आणि मी पडेन. मघापासून भीतीने नाचतेय, मूर्खा."

त्याने तिच्या कोपराखाली हात घातला. तिने सगळा भार त्याच्यावर टाकला. लोकांनी तिथल्या रीतीप्रमाणे नाचाला दाद म्हणून दोघांच्या डोक्यावर दोन-दोन बोटं धरली.

"बाहेर नेतो. हळूच चला."

"माझी बहीण एकदाच जातेय. ढोल थांबेपर्यंत धरून ठेव."

तो तिला धरून ठेक्यावर पावलं टाकत राहिला. ढोलवाल्यांना आत्ता कुठे रंग चढत होता.