लेन्समधली बुरशी

होटगी तलावावर हिवाळ्यात उतरणारे निम्मे पक्षी मधल्या पाण्यावर बसतात आणि तिथवर साधी दुर्बीण पोचत नाही. नुसते ठिपके दिसतात. ते बदक आहेत की हंस, यावर काठावर उभं राहून वाद घालता येतो, पण निकाल लागत नाही. म्हणून यंदा गटाने ठरवलं की वर्गणी काढून सगळ्यांत मिळून एक स्पॉटिंग स्कोप घ्यायचा. ट्रायपॉडवर लावायची, एका डोळ्याने बघायची ती मोठी दुर्बीण.

गट म्हणजे दर रविवारी सकाळी तलावावर जमणारी दहाबारा माणसं. त्यात सगळ्यांत थोर चिंतामणी सर. भूगोलाचे शिक्षक होते, आता निवृत्त. गटात एक पद्धत होती. ओळख पटत नसलेला पक्षी दिसला की सगळे बाजूला सरायचे, ‘आधी सर’ म्हणायचे, आणि सरांनी नाव घेतल्याशिवाय तो पक्षी कोणी नोंदवायचा नाही. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. सरांचं नाव चुकत नसे, म्हणून ते रूढ झालं होतं.

स्कोप शोधायचं काम रेश्माने केलं. ती सरांची जुनी विद्यार्थिनी, आता विमा कार्यालयात नोकरीला. वर्गणीत नावाजलेल्या कंपनीचा नवा स्कोप येणार नव्हता, हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. स्वस्तातले नवे होते. त्यांच्या खोक्यावर पंचाहत्तर पट मोठं दिसेल असं छापलेलं असे.

“त्या पंचाहत्तरला भुलायचं नाही,” तिने गटाला सांगितलं. “तेवढा झूम केला की चित्र काळवंडतं. पाण्यावरची हवाही थरथरताना दिसते. समोरची काच मोठी आणि चांगली हवी, मग पट कमी असला तरी चालेल. डोळा लावायची नळी तिरकी हवी. नाहीतर धनाजी आणि मी एकाच उंचीवर बघणार कसं?”

“मी गुडघ्यावर बसतो की,” धनाजी म्हणाला. तो एसटीत ड्रायव्हर होता आणि गटात सगळ्यांत उंच.

“आणि थोडे पैसे ट्रायपॉडला राखायचे. तलावावरच्या वाऱ्यात हलका ट्रायपॉड नाचतो.”

या सगळ्याचा अर्थ एकच निघत होता. चांगल्या कंपनीचा, पण वापरलेला स्कोप बघायचा. आणि असा एक स्कोप सात रस्ता चौकाजवळ बसलिंगप्पाच्या दुकानात होता. बसलिंगप्पा कॅमेरे दुरुस्त करायचा, जुन्या लेन्स विकायचा. गावातले बहुतेक लग्नाचे फोटोग्राफर त्याच्याकडेच यायचे. तापट माणूस, बोलायला लागला की थांबत नसे.

शनिवारी संध्याकाळी रेश्मा आणि सर दुकानात गेले. बसलिंगप्पाने स्कोप काउंटरवर उभा केला आणि समोरच्या मोबाइल टॉवरवर रोखला. टॉवरवर घार बसली होती.

“बघा ताई. घार काय खातीया ते सांगा.”

रेश्माने डोळा लावला. “आई गं! चोचीला रक्तसुद्धा दिसतंय.”

“दिसणारच की! लेन्स हाय का चेष्टा? नवा घ्यायला गेलात तर घरदार इकावं लागंल.”

मग सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि उजवा डोळा लावला. ते नेहमी उजव्याच डोळ्याने बघत. त्यांनी फोकसचं कडं एका बाजूला फिरवलं, मग दुसऱ्या बाजूला. घार दिसत होती, पण दुधात बुडवून काढल्यासारखी. टॉवरच्या लोखंडाच्या कडा विरघळलेल्या होत्या. त्यांनी रुमालाने काच पुसली आणि पुन्हा पाहिलं.

“आत बुरशी आहे,” ते म्हणाले.

जुन्या लेन्सला याहून वाईट शब्द नाही. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. दोघांनी वळून पाहिलं.

“बुरशी?” बसलिंगप्पाने टॉर्च काढला आणि समोरच्या काचेतून आत उजेड टाकला. “कुटं हाय दावा. कुटं हाय?”

“टॉर्चने नाही दिसणार. प्रिझमच्या आतल्या बाजूला असेल.”

“सर, जल्म गेला माझा ह्यात. माझ्या दुकानात बुरशीचा माल न्हाय.”

“मला जे दिसलं ते मी सांगतोय.”

रेश्मा हळूच म्हणाली, “सर, मला तर स्वच्छ वाटलं.”

“कशाशी तुलना करून? चांगला स्कोप तू आजवर पाहिलायस का?”

तिने पाहिला नव्हता. तिने पुन्हा डोळा लावला, या वेळी जरा जास्त वेळ, आणि मग म्हणाली, “हो, कडेला थोडं धूसर आहे खरं.” तसं म्हणताना ती बसलिंगप्पाकडे बघत नव्हती.

त्या रात्री गटाच्या व्हॉट्सॲपवर तिने लिहिलं, ‘सात रस्त्याचा स्कोप रद्द. आत बुरशी आहे, सरांनी पकडली. तिथून जुनं काही घेताना जपून.’ धनाजीने हसण्याची चित्रं टाकली. सरांनी अंगठा टाकला. गटातल्या दोघातिघांचे भाऊ, मेहुणे लग्नाचे फोटो काढत. त्यांच्यापर्यंत ते पोचलं असणारच.

मग नवा स्वस्तातला मागवला. खोक्यावर पंचाहत्तर छापलेला.

तो आला त्या रविवारी तलावावर थंडी होती आणि मधल्या पाण्यावर मोठा थवा बसला होता. धनाजीने ट्रायपॉड उभा केला, स्कोप चढवला आणि स्वतः बाजूला झाला.

“आधी सर. नव्या वस्तूचा मान.”

सरांनी उजवा डोळा लावला आणि कडं फिरवलं. पाणी दुधाळ होतं. थवाही दुधाळ. सात रस्त्याच्या टॉवरवरची घार जशी दिसली होती, अगदी तसाच.

दोन वेगळ्या यंत्रांत एकच दोष असू शकत नाही. भूगोलाच्या शिक्षकाला हे कोणी समजावून सांगायला नको होतं. त्यांनी डोकं न उचलता, फक्त जरा कलतं करून, डावा डोळा लावला. थवा समोर आला. पांढरी डोकी, त्यांवर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. एकाने मान वळवली तेव्हा पिवळी चोचही दिसली.

साध्या दुर्बिणीतून दोन्ही डोळ्यांनी बघतात. इतके दिवस डावा डोळा उजव्याचं काम उरकत होता आणि त्यांना कळलंही नव्हतं.

“काय हाय सर?” धनाजीने विचारलं.

“पट्टकादंब. हंसच आहेत,” ते म्हणाले.

“आणि स्कोप?”

“छान आहे. स्वच्छ.”

“बघा,” धनाजी सगळ्यांना म्हणाला, “सरांची नजर! त्या बसलिंगप्पाचा माल आपल्या गळ्यात पडला असता की. लई बोलत हुता म्हणं. सरांनी एका मिंटात गार केला.”

लोक हसले. सरही हसले.

बाकीच्यांनी आळीपाळीने पाहिलं. वारा सुटल्यावर चित्र थरथरायला लागलं. कोणीतरी पंचाहत्तर पट करून पाहिलं तर नुसता काळोख. रेश्माने सगळ्यांत शेवटी पाहिलं आणि सरांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“सर, खरं सांगू? तो जुना याच्यापेक्षा उजळ होता.”

आता सांगता आलं असतं. तलावाच्या काठावर ते दोघंच जरा बाजूला उभे होते आणि ती चांगली मुलगी होती. सर म्हणाले, “बुरशी वाढत जाते, रेश्मा. आज उजळ दिसलं तरी दोन पावसाळ्यांत गेला असता.”

ती “हो, तेही आहे,” म्हणाली.

घरी आल्यावर ते बाहेरच्या खोलीत कॅलेंडरसमोर उभे राहिले. एक डोळा झाकून बघत, मग दुसरा.

“काय डोळे मारताय त्या कॅलेंडरला?” त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. “लक्ष्मीचं चित्र आहे त्यावर, जरा लाज बाळगा.”

मग त्यांच्या तोंडाकडे बघून त्या बाहेर आल्या. सरांनी सगळं सांगितलं.

“मोतीबिंदू असणार,” त्या म्हणाल्या. “माझ्या आईला असंच झालं होतं. काढून टाकतात, त्यात काय एवढं? उद्या डॉक्टरांकडे जाऊ.” मग त्यांनी विचारलं, “आणि त्या दुकानवाल्याला?”

“सांगतो.”

“कधी?”

“सांगतो म्हटलं ना.”

“माझ्यावर कशाला ओरडता? मी काय लेन्स विकते?”

डॉक्टरांनी उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू दाखवून दिला, शस्त्रक्रियेची तारीख दिली. उरलेला आठवडा सर काही ना काही कारण काढून घरात राहिले. रविवारी तलावावर गेले नाहीत, सर्दी झाल्याचं कळवलं. सकाळभर गटावर फोटो येत राहिले. त्यांनी त्यांतला एकही उघडला नाही. दुपारी जेवण झाल्यावर यशोदाबाई काही बोलल्या नाहीत, आणि तेच त्यांना सहन झालं नाही. ते सोमवारी सकाळी सात रस्त्यावर उतरले.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बसलिंगप्पा काउंटरमागे स्टुलावर बसला होता. सरांना बघून तो उठला. तो शिव्या देईल अशी तयारी करून सर आले होते.

“या की सर, बसा.” त्याने शेजारच्या टपरीवर दोन चहा सांगितले. “बरं झालं आलात. मीच येणार हुतो तुमच्याकडं.”

त्याने काउंटरखालून तो स्कोप काढला. डोळा लावायच्या नळीजवळचे स्क्रू ओरखडलेले होते.

“तुमी गेल्यापासनं धड झोप न्हाय मला. म्हटलं, सरांसारखा माणूस उगं कशाला म्हणंल? दावूनच टाकावं कुटं हाय बुरशी. खोलला. मला सापडली न्हाय. पुसून काढलं सगळं, परत बसवला. आता बघा.”

सरांनी डावा डोळा लावला. टॉवर दुहेरी दिसत होता, एकाशेजारी एक, आणि काचेच्या आतून बाष्प धरलेलं होतं.

“आतला गॅस गेला,” बसलिंगप्पा म्हणाला. “आत वाफ धरू न्हाई म्हणून कंपनीत भरत्यात, तसा गॅस हितं भरता येत न्हाय. प्रिझमबी सरकलं. मला ठावं हुतं हे खोलायचं नसतंय. तरी खोललं.”

“बसलिंगप्पा—”

“ऐका की. तुमाला दिसली आन् मला दिसली न्हाय. म्हंजे माझी नजर गेली. पोरगाबी तेच म्हणतोय, बाबा, आता मोबाइलची कव्हरं विकू. परवा लग्नाच्या फोटोवाल्या पोराचा कॅमेरा आला, धाडला परत. म्हटलं, माझ्याच्यानं हुईल का न्हाय सांगता येत न्हाय बाबा. डोळ्याचं काम हाय हे.”

चहा आला. सरांनी कप हातात घेतला आणि परत ठेवला.

“बुरशी नव्हती,” ते म्हणाले. “माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. उजव्या. नव्या स्कोपमधूनही तसंच दिसलं, तेव्हा कळलं.”

बसलिंगप्पाने हातातला कप खाली ठेवला.

“डावा झाका,” तो म्हणाला.

सरांनी डावा डोळा तळहाताने झाकला.

“त्या समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचा.”

“वाचता येत नाही.”

“पाटी कसल्या रंगाची हाय?”

“पांढरी. पिवळी असेल.”

“निळी हाय, सर.”

सरांनी हात खाली घेतला.

“कधी कळलं तुमाला?”

“गेल्याच्या गेल्या रविवारी.”

बसलिंगप्पाने मनातल्या मनात हिशेब केला, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. “मी गुरुवारी खोलला,” तो म्हणाला. “त्याच्या नंतरच्या गुरुवारी.”

सरांना हे माहीत नव्हतं. त्यांनी त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी येऊन सांगितलं असतं तर स्कोप अजून शाबूत असता.

“ती ताई म्हणाली हुती, स्वच्छ दिसतंय म्हणून,” बसलिंगप्पा म्हणाला. “तुमी गप केलं तिला. मलाबी. सर म्हणून ऐकलं आमी.”

“हो.”

“गटात सांगितलं?”

“नाही. आधी तुमच्याकडे आलो.”

“मग आता सांगा. हितंच. लिहू नका, बोलून पाठवा. मला ऐकायचंय.”

सरांनी फोन काढला. पहिल्यांदा चुकीचं बटण दाबलं गेलं. मग बोलले. शाळेत धडा सांगायचे तसा आवाज निघाला नाही. सात रस्त्याच्या स्कोपमध्ये बुरशी नव्हती, दोष माझ्या डोळ्यात होता, मला ते त्या रविवारी तलावावर कळलं होतं आणि तरी मी तुम्हा सगळ्यांसमोर खोटं बोललो, रेश्माशी तर दोनदा. बसलिंगप्पांचं नाव ज्यांनी ज्यांनी पुढे सांगितलं त्यांनी हेही पुढे सांगावं. एवढं बोलून त्यांनी बोट उचललं.

निरोप गेला. बघताबघता बऱ्याच जणांनी तो ऐकल्याचं फोनवर दिसलं.

“हा स्कोप मी घेतो,” सर म्हणाले. “तुम्ही सांगाल त्या किमतीला.”

“कशाला? दुहेरी टॉवर बघायला?” बसलिंगप्पाने स्कोप उचलून काउंटरखाली ठेवला. “खराब माल मी इकत न्हाय. त्या दिवशीबी तेच सांगत हुतो मी.”

मग त्याने स्वतःचा फोन घेतला आणि नंबर लावला. सरांकडे त्याची आता पाठ होती.

“हॅलो, इंद्रजीत? आरं, परवा कॅमेरा आणला हुतास की. दुसऱ्या कुणाला दिला का काय?... न्हाय ना? मग घिऊन ये. आजच ये... हुतंय, हुतंय. मीच करतो.”