डाकिणीची रेघ

मारुतीच्या पारासमोर सगळं गाव लोटलं होतं. लग्नात लावतात तसला मोठा पडदा टेम्पोवर उभा केलेला, आणि त्यावर एक हिरवी रेघ पिसाळल्यासारखी वर-खाली उड्या मारत होती.

"देखा देखा, कशी नाची राह्यनी!"

"अरे बाप! एवढी तं कोनीच नही नाचनी!"

ती रेघ सुंदरबाईची होती. सत्तरीची ही एकटी बाई खाली चौरंगासमोर बसली होती. चौरंगावर तांब्याचं ताट, ताटात मोबाईल, आणि ताटाच्या कडेला टेकवलेली तिची दोन बोटं. शेजारी लांब चिमटा घेतलेले तरंगमहाराज.

"विज्ञान है, विज्ञान!" महाराज गरजले. "ही आत्म्याची लहर आहे! अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी हात टेकले इथे! ज्याच्या पोटात पाप नाही त्याची रेघ शांत. आणि जिच्या पोटात..." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. पुढचं गावानंच पुरं केलं.

"डाकीन!"

मी ज्योत्स्ना. शिंदखेड्याजवळच्या या गावात हायस्कूलला विज्ञान शिकवते. त्या गर्दीतली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेलेली. नववीला आलेख मीच शिकवला त्यांना. अक्षावर प्रमाण लिहिलं नाही तर मार्क मिळणार नाहीत, हे घसा फोडून सांगितलं. आणि तीच पोरं आता त्या रेघेला हात जोडून उभी होती. संताप आला. कुणाला शिकवलं मी इतकी वर्षं? भिंतींना?

भानगड सुरू झाली ती कौतिकआबांच्या म्हशींवरून. आबांनी म्हशी कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यात सोडल्या आणि त्या तिथेच तडफडून मेल्या. गुरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की त्या फुटव्यात विष असतं. पण आबांच्या डोक्यात वेगळंच बसलं, कारण सुंदरबाईनं आदल्या दिवशी त्यांना बजावलं होतं.

"मी फक्त सांगेल व्हतं, कौतिकभाऊ," ती आताही म्हणाली, "कवळी ज्वारीमा ढोरे सोडू नको म्हनीसन."

"तेच ते!" आबा उसळले. "तुले पहिलेच कसं मालूम व्हतं?"

आता यावर काय बोलायचं? चांगला सल्ला दिला हाच तिचा गुन्हा ठरला. महाराजांनी निवाडाही देऊन टाकला होता. दिवस मावळायच्या आत बाईनं गाव सोडायचं, घराला कुलूप लावायचं. पोलीस पाटील तिथेच उभे होते, तेही हात जोडून. मी ठाण्यात फोन केला. गाडी निघते म्हणाले. पण गाडी येईपर्यंत ही माणसं थांबणार होती थोडीच!

मी सुंदरबाईच्या आधीच्या लोकांच्या वेळीही तिथेच होते. प्रत्येक जण ताटाला बोटं लावी, महाराज मोबाईलवर बोट टेकवून रेघ नव्यानं सुरू करत आणि "ओम फट्" म्हणून चिमटा चौरंगावर दाणकन आपटत. पडद्यावर एक उंच सुळका उठे आणि मग रेघ सपाट. "मंत्र आत गेला, आत्मा शांत झाला!" लोक टाळ्या वाजवत. सुंदरबाई बसली तेव्हा मात्र महाराजांनी चिमटा काखेत मारला. "हिच्यासमोर मंत्र उच्चारणार नाही!" आणि पडद्याच्या डाव्या कडेला, जिथे आकडे असतात नेमके तिथे, वरपासून खालपर्यंत झेंडूचा जाड हार.

मी पुढे झाले.

"मॅडम, तुमी मझार पडू नका," आबा म्हणाले.

"मध्ये पडणारच. महाराज, हिलाही चिमटा आपटा."

"मंत्राचा अपमान होईल, बेटी. सर्वनाश होईल."

"बरं." मी ताटातला मोबाईल उचलला, पाराच्या दगडी पायरीवर अलगद ठेवला, महाराजांसारखीच रेघ नव्यानं सुरू केली आणि हात मागे घेतला. "आता कुणीही हात लावू नका."

पडदा एक क्षण कोरा झाला. मग रेघ उठली आणि सुंदरबाईच्या रेघेसारखीच तडातडा नाचू लागली.

"काय रे, मारुतीची पायरी डाकीण आहे का?" मी ओरडले. "बोला ना! हिलाही गावाबाहेर काढा!"

महाराज काहीतरी पुटपुटत टेम्पोकडे सरकले. मी हार ओढून खाली पाडला.

"समाधान, वाच आकडे."

समाधान माझा जुना विद्यार्थी, आता डिप्लोमाला. महाराजांचा मोबाईल पडद्याला जोडून देणारा दीडशहाणा हाच. "मॅडम, सगळ्यात वर शून्य पॉइंट शून्य दोन," तो म्हणाला.

"आता तो चिमटा चौरंगावर आपट. मोबाईल परत ताटात ठेव आणि आपट."

त्यानं महाराजांच्या काखेतला चिमटा ओढून घेतला आणि आपटला. सुळका उठला, मागून रेघ सपाट झाली. "आता वर वीस दिसतंय," समाधान म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला. कळलं त्याला. नववीत कळायला हवं होतं, पण असो.

"लोकहो, नीट ऐका. मोबाईलमध्ये हादरे मोजायचा काटा असतो. काहीच हललं नाही तरी त्या काट्याची स्वतःची बारीक थरथर चालूच असते. आणि हे अ‍ॅप जो हादरा सगळ्यात मोठा असेल तो पडद्याच्या टोकाला नेऊन लावतं. चिमटा आपटला की टोक मोठं होतं, बाकीची थरथर त्याच्यापुढे दिसतच नाही. आपटला नाही की तीच थरथर ताणून पडदाभर केली जाते. सराफाच्या काट्यावर फुंकर मारली तरी आकडा हलतो. भुईकाट्यावर तोलायला उभ्या केळीच्या ट्रकमधून पोरगं उतरलं तरी आकड्यात कुणाला फरक दिसत नाही. म्हणून फुंकर पोरापेक्षा जड झाली का? दोन रेघा एकाच मापावर आणल्याशिवाय कोणती जास्त नाचते ते सांगताच येत नाही!"

समाधाननं माप वीसवर पक्कं केलं. सुंदरबाईनं पुन्हा बोटं लावली. रेघ सपाट. चिमट्याशिवाय.

गर्दीतून "अरे तिच्या!" असा आवाज उठला. टेम्पोवाल्याला कुणीतरी खाली ओढलं, महाराजांची वाट अडवली. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात कौतिकआबा गंभीरपणे म्हणाले, "मंग मॅडम, आते माप बराबर शे ना? आते बठ्ठासले लावीसन देखा, खरी डाकीन कोन शे ते!"

म्हणजे सगळ्यांनाच एकेक करून लावून बघायचं. आणि माना हलल्या! कितीतरी माना. मला रडू कोसळायचं बाकी राहिलं. एवढं सगळं सांगून यांना एवढंच कळलं की डाकीण शोधायचं यंत्र दुरुस्त झालं.

मी तोंड उघडणार, तोच सुंदरबाई उठली. पदर खोचला आणि चौरंग उचलून आबांच्या पुढ्यात आणून ठेवला.

"लावा," ती म्हणाली. "बठ्ठासले लावा. पहिले कौतिकभाऊले बसाडा. मंग त्यासनी सूनले. मंग पोलीस पाटीलले. जेनं नाव निंघी तेनी आजच गाव सोडानं. मी सोडी राह्यंतू ना, तसंच."

आबा चौरंगाकडे बघत राहिले. मग एक पाऊल मागे सरले. त्यांच्या मागचे दोन पावलं सरले. मघाशी रांगेत पुढे घुसणारे सगळेच आता मागे सरत होते, आणि चौरंगापुढे सुंदरबाई एकटी उभी होती. कुणीही बसलं नाही.

पोलिसांची गाडी आली आणि महाराजांना घेऊन गेली. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, तो लागेल. पण कायदा महाराजांना लागतो. अजूनही त्या रेघेला भिऊन मागे सरलेल्या पावलांचं काय करायचं?

म्हणून सांगते. तुमच्या गावात कुणी असा पडदा लावला, तर आधी रेघेच्या बाजूचा आकडा विचारा. आकडा बरोबर निघाला, तर पुढचं विचारा: ही रेघ मोजतेय तरी काय? मोबाईलला हादरा कळतो, माणसाचं मन कळत नाही. आणि हे विचारायला तुमच्या गावातली सुंदरबाई चौरंगासमोर बसायची वाट बघू नका.