पुंडलिकची परसबाग

"यात युरियाचा कणसुद्धा नाही," पुंडलिक पाहुण्यांना सांगत होता, आणि त्याची बायको जनी मागच्या दारात चहा घेऊन ऐकत होती. तालुक्याच्या बागायत मंडळाची माणसं रोह्याहून जीप करून आली होती. पुंडलिक मांडवाखाली पायात कंपनीचे बूट घालून उभा होता आणि दोडक्याच्या वेलाला घोसाळं म्हणत होता.

हाच माणूस नागोठण्याच्या कंपनीतली शिफ्ट संपवून आला की परसात नाक दाबायचा, तिला शेणकिडा म्हणायचा. चैत्रात ती खड्ड्यात शेण, राख, पालापाचोळा भरायची. मिरगाआधी वेलांसाठी आळी करायची. श्रावणात पडवळ सरळ वाढावं म्हणून शेंड्याला दगड बांधायची, पानांवर गोमूत्र शिंपडायची. भात कापून झालं की वाल पेरायची. यातल्या एकाही कामाला त्यानं कधी बोट लावलं नव्हतं.

शाल-नारळ त्यालाच मिळाला. पेणच्या साप्ताहिकात फोटोही त्याचाच आला.

"नाव कर्त्याचंच लागतं गो," तो म्हणाला.

जनी भांडली नाही. राग यावा एवढासुद्धा तो तिला मोठा वाटेना.

पुढच्या चैत्रात तिनं खड्डा भरला नाही. पुंडलिक आधी हसला, मग सारखं विचारू लागला. आळी करायच्या दिवसांत तिचे हात शिवशिवायचे, पण ती सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. शेवटी त्यानंच वेडंवाकडं खणून बी टोचलं. उगवलेली रोपं वाढेनात, तेव्हा कोलाडहून गुपचूप युरिया आणून मूठमूठ टाकला. रोपं पिवळी पडली आणि करपली.

श्रावणात जीप पुन्हा आली. या वेळी अलिबागचे मोठे साहेबही सोबत होते. उघड्या मांडवाखाली पुंडलिक त्यांना सांगू लागला, की बायको आजारी असते, त्यामुळे यंदा जरा दुर्लक्ष झालं.

जनी चहा घेऊन बाहेर आली. तिनं प्रत्येकाच्या हातात कप दिला, नवऱ्याच्याही.

"मी बरी हाय, साहेब," ती म्हणाली. "गेल्या साली तुमी यांना बक्षीस दिलंत ना, तवापासून बाग हेच बघतात."

साहेबांनी करपलेल्या रोपांकडे पाहिलं, मग पुंडलिकच्या बुटांकडे. चहा अर्धा ठेवून मंडळी उठली.

जीप वळणाआड गेल्यावर तिला लाज कशी वाटत नाही, असं पुंडलिकनं विचारलं. तिनं कप विसळले. थोडा वेळ तिथंच घोटाळून तो नाक्यावर निघून गेला.

संध्याकाळी ती बाजारातून आणलेलं पडवळ चिरायला बसली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं पडवळ कधी विकत आणलं नव्हतं. ते जून निघालं, शिवाय पाणचट. सवयीनं तिनं त्यातल्या टपोऱ्या बिया वेगळ्या काढून पदराला पुसल्या. हातावर घेऊन क्षणभर बघितल्या, आणि सालींबरोबर केरात टाकल्या.