गळ्याला वारं लागू नये म्हणून

आबांच्या गळ्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन भादव्यात सोलापूरला झालं. डॉक्टरांनी स्वरयंत्र सगळंच काढलं आणि मान जिथं छातीला मिळते त्या खळगीत श्वासासाठी एक भोक ठेवलं, जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढं. नाकातोंडातला श्वास बंद झाला आणि बोलणंही.

आबा, माझे वडील सटवा, म्हणजे तेलगाव भागातले शेळ्यामेंढ्यांचे जुने व्यापारी. रोज कुठला तरी बाजार आणि रोज शंभर सीसीची जुनी मोटारसायकल. मागं माझी माय अंजना, नाहीतर पोत्यातून मान बाहेर काढलेलं एखादं करडू. आवाज गेला म्हणून धंदा बंद पडायचं कारण नव्हतं. आमच्यात भाव रुमालाखाली बोटांनीच ठरतो. बंद पडली ती गाडी.

दिवाळीनंतर अंगात जरा ताकद आली तसं आबांनी गाडी काढून पाहिली. भोकावर गमछा गुंडाळला होता. गाडीनं जरा वेग धरला तसं वारं गमछ्यातून थेट आत घुसलं. बाहेर टाकायचा श्वास आतच कोंडला. त्यातून परळीकडचा रस्ता, हवेत वीज केंद्राची राख. सिरसाळ्याच्या अलीकडं ते रस्त्याकडेला बसलेले सापडले, गमछ्यावर रक्ताचे बारीक थेंब. हेल्मेटचा उपयोग नव्हता. हेल्मेट गळा झाकत नाही.

एसटीनं ते एकदाच गेले. बीडला तपासणी होती. गाडीत खोकला आला आणि भोकातून बेडका उडून पुढच्या बाईच्या खांद्यावर पडला. बाई ओरडली, तिनं लेकराचं तोंड पदरानं झाकलं. माय माफी मागत राहिली. आबांनी वडवणीला उतरून घेतलं, आणि पुन्हा एसटीत पाय ठेवला नाही.

मी परळीत एका आडतीवर कामाला. सुट्टीच्या दिवशी मी त्यांना मागं बसवून न्यायचो. माझ्या पाठीआड त्यांना वारं कमी लागायचं. पण मागं बसलेला माणूस मनात येईल तिथं जात नाही, आणि आबांना तर "इकडं वळव" म्हणताही येत नव्हतं. माझा खांदा थोपटून ते कुठंतरी हात करायचे. मी म्हणायचो, "पुन्हा कवा तरी जाऊ, आबा."

ते कुठं हात करत होते हे मला कळत नव्हतं असं नाही.

माझी बहीण योगिता चौसाळ्याला असते. चार वर्षांपूर्वी तिनं आपल्या मनानं लग्न केलं, आदिनाथशी. तो जातीचा नाही, हायवेला हॉटेल चालवतो. लग्नानंतर तिचा फोन आला तेव्हा आबा म्हणाले होते, "ह्यो आवाज आता तुला पुन्हा ऐकू येणार न्हाई." तापट माणूस, बोलून गेले. त्या दिवशी मी माझ्या फोनमध्ये तिचा नंबर बंद करून टाकला. मला आबांच्या बाजूचा दिसायचं होतं.

सोलापूरला भरती केल्यावर ऑपरेशनला अकरा दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, माय चहा आणायला गेलेली असताना, आबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "लखन, योगीला कळीव. म्हणावं येऊन जा."

मी "हां" म्हणालो आणि कळवलं नाही. ऑपरेशन होऊन जाऊ दे, ती आली की रडारड होईल, आबांचा बीपी वाढेल, असं काहीबाही मनाला सांगितलं. दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं, "कळिवलं का?" मी म्हणालो, "कळिवलंय. बघू म्हणली." त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. त्यांची नजर मात्र रोज वॉर्डाच्या दारावर असायची.

गाडीला काच बसवायची कल्पना आबांची स्वतःची. एका बाजारात एका माणसाच्या गाडीला हँडलच्या पुढं उभी काच होती. आबांनी त्याला थांबवून ती हातानं चाचपली, मग माझ्याकडं बघून गळ्यावर बोट ठेवलं.

पुढच्या आठवड्यात मीच परळीहून एक आणली. आखूड, काळपट, दिसायला झकास. गाडीला शोभली. आबा वस्तीच्या रस्त्यावर एक चक्कर मारून आले आणि उतरताच उकिडवे बसून खोकू लागले. काच नव्हती तेव्हापेक्षा जास्त. माय माझ्यावर चिडली. "गाडी नटवायला आणलीस का बापाला जगवायला?"

मी आबांना घेऊन परळीला बंकटच्या दुकानी गेलो. बंकटचं स्टेशनच्या रस्त्याला दुकान, सीटकव्हर, आरसे, काचा. साठीचा माणूस, घाई माहीत नाही. त्यानं आबांच्या गळ्याकडं एकदा बघितलं, मग माझ्या काचेकडं.

"ही कुणी दिली बे तुला?"

"दिसायला बरी वाटली."

"वारं असं आखूड काचंला धडकलं की काठावरून उडी मारतंय. ती उडी कुठं पडती ते बघावं लागतंय. तुज्या बापाच्या बरुबर गळ्यावर पडायलीय." मग आबांकडं वळून तो हळू बोलला. लोक आबांशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलायचे. बंकट ओरडला नाही. "बसा गाडीवर. रोज बसता तसं. फोटोला बसल्यावानी ताठ नका बसू."

आबा बसले. बंकटनं खोक्याचा एक मोठा पुठ्ठा हँडलपुढं धरला आणि आबांच्या नाकाच्या शेंड्याच्या रेषेत खूण केली.

"काठ हितवर. रस्ता काचंवरून बघायचा, काचंतून न्हाई. काचंतून बघाल तर मावळतीचं ऊन समोर आलं की आंधळं व्हाल. अन् ह्याच्यापक्षा उंच केली तर आडवं वारं गाडी ढकलून देतंय."

काच पारदर्शक निवडली, जाड, गळ्यापासून दोन्ही खांद्यांपर्यंत आडोसा देईल इतकी रुंद. स्क्रूखाली रबराचे वायसर टाकले. "लई आवळायचं न्हाई, तडकती," तो म्हणाला. मग त्यानं लोकरीचा वीतभर धागा आबांच्या शर्टाच्या वरच्या बटणाला बांधला आणि मला दुसऱ्या गाडीवर बरोबरीनं चालायला सांगितलं. धागा उडतो की लोंबतो, तेवढंच बघायचं.

पहिल्या चकरेत धागा फडफडला. बंकटनं काच जरा मागं कलवली. दुसऱ्यांदा धागा वर उडून आबांच्या हनुवटीला लागला. त्यानं काच बोटभर वर घेतली आणि खाली हेडलाइटपाशी थोडी फट सोडली. "खालून जरा वारं आलं की मागं भोवरा व्हत न्हाई." तिसऱ्या चकरेत चाळीसच्या वेगाला धागा आबांच्या छातीवर गपगार पडून होता. मी हात वर करून ओरडलो. आबांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि हसले. हसण्याचा आवाज नव्हता, खांदे तेवढे हलले.

बंकटनं निघताना बजावलं, "हिकडची राख कोरड्या फडक्यानं पुसू नका, चरे पडतेत. आधी पाणी वता. अन् मोठा ट्रक येताना दिसला की आधीच हळू व्हा, हँडल घट्ट धरू नका." आबा ते लेकरासारखं मान हलवत ऐकत होते. पुढं रोज सकाळी ते तांब्याभर पाणी घेऊन काच धुवायचे, मग मऊ धोतराच्या तुकड्यानं टिपायचे.

फाल्गुनात बीडला तपासणी होती. आबांनी खुणेनं सांगितलं, गाडी ते स्वतः चालवणार, माय मागं बसेल. मला काळजी वाटली म्हणून मी दुसऱ्या गाडीवर मागं मागं निघालो. वडवणीला चहाला थांबलो. आबांनी गळ्यावरचा रुमाल ओला करून पुन्हा बांधला. सगळं ठीक होतं. बीड आलं. दवाखान्याकडं वळायचं तिथं आबा वळले नाहीत. मी हॉर्न वाजवला. माय मागं वळून बघत राहिली, तिलाही काही कळेना. आबा सरळ सोलापूरच्या हायवेला लागले.

तेव्हा मला कळलं, हा रस्ता चौसाळ्याचा. मी पुढं जाऊन त्यांना अडवू शकलो असतो. पण मांजरसुंब्याचा घाट, शेजारून कंटेनर, आणि आडवं वारं. प्रत्येक कंटेनरला गाडी हातभर सरकायची, आबा वेग कमी करून ती पुन्हा सरळ करायचे. ते इतक्या मन लावून चालवत होते की मध्ये पडायची माझी हिंमत झाली नाही.

चौसाळ्याला आदिनाथचं हॉटेल हायवेलाच. तो कढईपुढं उभा होता. आबांना गाडीवरून उतरताना बघून त्यानं झारा तसाच कढईत सोडला आणि आत पळाला. योगिता बाहेर आली. तिच्यामागं पदर धरून तीन वर्षांची पोर, आरोही. आम्ही तिला पहिल्यांदाच बघत होतो.

योगिता पायरीवरच थांबली. आबांचे ओठ हलले.

"आलाव तर बोला की," ती म्हणाली. "दारात येऊन बी राग हायच का?"

आबांनी दोन्ही हात पसरले.

"आवो, मी फोन लावला की तुमी उचलायचा अन् गप बसायचा. पाडव्याला लावला, भाऊबीजंला लावला. मी आबा, आबा म्हणायली अन् पलीकडून नुसते उसासे. इतका राग व्हता तर उचललाच कशाला? मंग मी लावायचं सोडून दिलं."

"योगे," माय पुढं झाली, "त्यास्नी बोलता येत न्हाई, बाई."

आबांनी रुमाल सोडला.

योगितानं ते भोक बघितलं. ती मटकन पायरीवर बसली. "कवा?" तिनं विचारलं, "कवा झालं हे?"

"भादव्यात," माय म्हणाली. "तुला कळिवलं व्हतं की लखननं."

"मला कुनी न्हाई कळिवलं."

आबांनी माझ्याकडं बघितलं.

त्या बघण्यात राग असता तर मला सोसला असता. ते नुसतं बघत होते, हिशोब लागत नसलेल्या माणसासारखं. दवाखान्यात अकरा दिवस दाराकडं बघितलं, लेक आली नाही. दिवाळीला तिचा फोन आला तेव्हा त्यांना वाटलं, हिला सगळं माहीत आहे. आता ते पायरीवर तिच्याजवळ बसले आणि तिचा फोन आला की काय करायचे ते हातानं दाखवलं. मोबाइल आधी कानाला. मग तोच मोबाइल उचलून गळ्याच्या भोकाला. बोलता येत नाही तर निदान श्वास तरी ऐक.

योगितानं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडली. आदिनाथ पाणी घेऊन आला, पण द्यायचं कुणाला ते त्याला कळेना. तांब्या घेऊन तसाच उभा राहिला.

"मी लखनला बी लावला व्हता फोन," ती नंतर म्हणाली. "लागतच न्हाई."

"नंबर बदलला आसंल," माय म्हणाली.

मी ते तसंच राहू दिलं. आबांना बोलता आलं असतं तर ते तिथंच मला बोलले असते, की माझ्याशी पुन्हा कधीच बोलले नसते, मला अजून ठरवता येत नाही.

त्यानंतर आबा सात वेळा चौसाळ्याला गेले. जायचं म्हटलं की आदल्या दिवशीच काचेचे स्क्रू तपासायचे. आरोहीला हॉटेलशेजारच्या कच्च्या रस्त्यानं पुढं टाकीवर बसवून हळूहळू फिरवायचे. ती काचेला तोंड लावून वाफ करायची आणि बोटानं रेघोट्या ओढायची. काचेवर डाग पडलेले आबांना खपत नसत. तिच्या रेघोट्या मात्र ते पुसायचे नाहीत.

आषाढात मानेत पुन्हा गाठ आली. या वेळी डॉक्टरांनी सोलापूरला नेऊ नका म्हणून सांगितलं. योगिता लेकीला घेऊन वस्तीवर आली ती शेवटपर्यंत राहिली. भोकाची नळी धुणं, अंथरूण बदलणं, पातळ पेज भरवणं तिनं मायला करूच दिलं नाही. ती आबांशी तासन्‌तास बोलायची, चार वर्षांचं सगळं, आणि ते डोळे मिटून ऐकायचे. श्रावणात एका दुपारी ती पेज गाळत असताना ते गेले.

दहावा झाला. पाहुणे गेले. योगिता अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

"योगे, माझा नंबर बदलला नव्हता. मी तुझा नंबर बंद करून ठेवला व्हता. अन् आबांनी दवाखान्यात तुला बोलवायला सांगितलं व्हतं. दोनदा विचारलं. मी कळिवलं म्हणून खोटं सांगितलं."

तिचा हात थांबला.

"तवा बोलता येत व्हतं त्यास्नी?"

"हां. घसा बसला व्हता, पर येत व्हतं."

"किती दिवस?"

"अकरा."

 ती सुपातल्या तांदळाकडं बघत राहिली. मला वाटलं ओरडेल, सूप भिरकावेल. मी त्याचीच वाट बघत होतो.

"काय म्हणले व्हते?" तिनं विचारलं. "त्यांच्या शब्दांत सांग."

"'योगीला कळीव. म्हणावं येऊन जा.'"

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. तिनं डोळे मिटले. मग तिसऱ्यांदा सांगायला लावलं, आणि माझा आवाज फुटला तरी थांबू दिलं नाही.